बाळाच्या खोलीत ‘रात्रीचे आकाश’: कोणती सजावट आधी करावी आणि कोणती टाळावी?

नक्षत्रवेल

नमस्कार. मला सातवा महिना सुरू असून हे आमचे पहिले बाळ आहे. घरातील एक लहान खोली, साधारण दहा फूट लांब आणि तितकीच रुंद, आम्ही बाळासाठी मोकळी केली आहे आणि तिची संपूर्ण सजावट ‘रात्रीचे आकाश’ या एकाच कल्पनेभोवती करावी असे फार दिवसांपासून माझ्या मनात आहे. मला आणि माझ्या पतींना आकाशदर्शनाची आवड आहे, किंबहुना आमची ओळखच त्या छंदातून झाली, त्यामुळे ही थीम एखादे चित्र पाहून सुचलेली नाही आणि ती सोडून देण्याची माझी तयारी नाही.

माझ्या डोक्यातील आराखडा असा आहे. छताला गडद निळा, जवळजवळ काळा रंग आणि त्यावर अंधारात चमकणारे तारे. कॉटमागच्या भिंतीवर सप्तर्षी, ध्रुव आणि शर्मिष्ठा. खिडकीला प्रकाश अडवणारे जाड पडदे. कॉटवर चंद्र आणि ग्रहांचे चिमणाळे, म्हणजे टांगायचे फिरते खेळणे. छतावर फिरते तारे पाडणारा छोटा प्रोजेक्टर. आणि कॉटसाठी चांदण्यांची नक्षी असलेला एक संच, ज्यात गादी, उशी, पातळ रजई आणि कॉटच्या चारही बाजूंना आतून बांधायच्या मऊ पट्ट्या मिळतात.

घर जुने आहे. भिंतींवर रंगाचे अनेक थर चढलेले आहेत आणि खिडकीच्या चौकटीवरील तैलरंगाचे पोपडे सुटू लागले आहेत. पतींना वाटते की इतक्या गडद रंगाने खोली कोंदट दिसेल, आणि आईचे म्हणणे असे की तान्ह्या बाळाला यातले काहीच दिसत नाही, मग एवढा खटाटोप कशासाठी. रंगकाम किती आधी संपवावे, गडद रंग कुठे द्यावा, वर सांगितलेल्या वस्तूंपैकी कोणती घेऊ नये, आणि बाळाला खरोखर काय दिसते, हे अनुभवी मंडळींकडून समजून घ्यायचे आहे.

रंगभिंत

मी घरांच्या अंतर्गत सजावटीचे काम करते, म्हणून रंगापुरते सविस्तर लिहिते. सर्वप्रथम त्या खिडकीच्या चौकटीकडे लक्ष द्या, कारण तुमच्या संपूर्ण प्रश्नात मला काळजी वाटली ती त्या एका वाक्याची. जुन्या तैलरंगांमध्ये शिशाची संयुगे सर्रास वापरली जात, कधी रंगद्रव्य म्हणून तर कधी रंग लवकर वाळावा म्हणून. असा रंग भिंतीला घट्ट चिकटून आहे आणि त्यावर नवे थर आहेत तोवर फारसा उपद्रव देत नाही, परंतु पोपडे सुटू लागले किंवा कोणी तो कोरडा खरवडून, पॉलिशपेपरने घासून काढू लागले की त्याची बारीक धूळ खोलीभर पसरते, फटींमध्ये बसते, आणि पुढे रांगणाऱ्या बाळाच्या हातांवाटे तोंडात जाते. लहान मुलांच्या रक्तात शिशाची अमुक पातळी सुरक्षित असे काही नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले आहे, आणि गरोदरपणी आईच्या शरीरात गेलेले शिसे वारेतून बाळापर्यंत पोहोचते. म्हणून त्या रंगाचा नमुना आधी तपासून घ्या. शिसे निघाले तर ते काम जाणकार माणसाकडून, पृष्ठभाग ओला ठेवून, खोलीचे दार बंद करून करवून घ्या आणि ओल्या फडक्याने स्वच्छता पूर्ण होईपर्यंत तुम्ही स्वतः तिकडे फिरकू नका. ताऱ्यांचा विचार त्यानंतर.

नव्या रंगाबाबत सांगायचे तर पाण्यात मिसळणारा, कमी बाष्पनशील (हवेत उडून जाणाऱ्या) संयुगांचा अॅक्रिलिक रंग निवडा. मात्र डब्यावरील ‘कमी’ हा शब्द मूळ रंगाविषयी असतो; गडद छटा आणण्यासाठी त्यात जे रंगद्रव मिसळतात त्यांतूनही ही संयुगे वाढू शकतात, आणि तुमची छटा तर अगदीच गडद आहे. दुकानदाराकडून रंगद्रवाचीही माहिती मागून घ्या. भिंत काही तासांत हाताला कोरडी लागते, तरी रंगाचा थर पूर्ण घट्ट होण्यास तीन-चार आठवडे लागू शकतात आणि तोवर त्यातून थोडेफार बाष्प निघत राहते. वास येईनासा झाला याचा अर्थ बाष्प निघणे थांबले असा घेऊ नका. नव्या प्लायवूडच्या किंवा एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांच्या) कपाटांचेही तसेच आहे, कारण त्यांतील गोंदातून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू बाहेर पडत असतो. कपाट आणि कॉट लवकर जोडून, दारे-कप्पे उघडे ठेवून, खिडकी उघडी ठेवलेल्या खोलीत राहू द्या. तुमचा सातवा महिना चालू आहे, तेव्हा रंगकाम याच महिन्यात संपले पाहिजे. भिंतीवर चिकटवायची चित्रेही रंग घट्ट झाल्यावरच लावा, अन्यथा काढताना रंगासकट निघतील. शिडीवर चढण्याचे काम कृपया तुम्ही करू नका; या दिवसांत शरीराचा तोल पुढे सरकलेला असतो आणि नेहमीच्या सवयीवर विसंबता येत नाही.

गडद रंग कुठे द्यावा, याविषयी माझे मत तुमच्या पतींच्या बाजूचे आहे. एवढ्या लहान खोलीत छत काळेनिळे केले तर दिवसाचा उजेड वरून परतत नाही, आणि ज्या खोलीत तुम्हाला बाळाची त्वचा, डोळे, पुरळ हे सारे दिवसाउजेडी नीट पाहावे लागणार आहे तिथे तो उजेड फार मोलाचा असतो. खिडकीसमोरची भिंत सोडून एखादी एकच भिंत गडद निळी करा आणि बाकी सर्व फिकट ठेवा. भिंतीचा खालचा तीन फुटांचा भाग धुता येईल अशा रंगाचा असावा, कारण गडद मॅट रंगावर हातांचे ठसे आणि घासल्याच्या खुणा सर्वांत जास्त उठून दिसतात.

शुश्रूषा

नक्षत्रवेल ताई, मी बालरोग विभागात परिचारिका आहे. तुमच्या यादीतील कॉटचा संच घेऊ नका, एवढे मला आग्रहाने सांगायचे आहे. त्यातील गादी घट्ट आणि कॉटच्या मापाची असेल तर फक्त ती चालेल. उशी, रजई आणि बाजूच्या मऊ पट्ट्या या तिन्ही वस्तू झोपलेल्या तान्ह्या बाळाजवळ असू नयेत. बाळ तोंड दाबले गेले तरी मान फिरवून स्वतःची सुटका करू शकत नाही, आणि मऊ कापडात नाक रुतले की बाहेर सोडलेलीच हवा पुन्हा आत ओढली जाते. अमेरिकेत या भरलेल्या मऊ पट्ट्यांच्या विक्रीवर २०२२ साली कायद्याने बंदी घालण्यात आली, तीही त्यांत गुदमरून बाळे दगावल्यानंतर. बाळाचे डोके गजांवर आपटू नये यासाठी त्या बांधतात, परंतु त्या वयात बाळ स्वतःला इजा होईल इतक्या जोराने आपटत नाही. गजांमधील अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही एवढे पाहून घ्या, म्हणजे त्यांतून अंग निसटून डोके अडकण्याची भीती राहत नाही.

बाळाला प्रत्येक झोपेसाठी पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर झोपवावे. अमेरिकेत हा सल्ला १९९२ साली देण्यात आला, १९९४ साली त्याची देशव्यापी मोहीम झाली आणि पुढील वर्षांत तेथील झोपेतील आकस्मिक बालमृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. माझ्या दृष्टीने बालसंगोपनातील इतका साधा आणि इतका परिणामकारक बदल दुसरा क्वचितच सापडेल. चांदण्यांची नक्षी हवीच असेल तर ती ताणून बसवायच्या चादरीवर असू द्या, किंवा रजईऐवजी बाळाला घालायच्या झोपेच्या पिशवीवर असू द्या. ती अंगावर घातलेली असल्यामुळे तोंडावर येत नाही. बाळ अति गरम होणेही धोक्याचे असते, म्हणून थर कमीच ठेवावेत.

आणखी एक गोष्ट तुमच्या आराखड्यावर परिणाम करील. अमेरिकन बालरोग अकादमीची शिफारस अशी आहे की किमान पहिले सहा महिने बाळाने आईवडिलांच्या खोलीत, पण स्वतंत्र पृष्ठभागावर झोपावे. म्हणजे ज्या खोलीसाठी तुम्ही इतकी तयारी करत आहात, तिथे बाळाची रात्रीची झोप बऱ्याच उशिरा सुरू होईल. तोवर ती खोली लंगोट बदलणे, दूध पाजणे आणि दिवसा जमिनीवर खेळणे यांसाठी वापरली जाईल, आणि म्हणून सजावटही त्या जागांभोवती करावी.

प्रोजेक्टरविषयी मी साशंक आहे. नवजात बाळाला दिवस-रात्रीचे भान नसते. ते पहिल्या दोन-तीन महिन्यांत हळूहळू येते आणि दिवसा स्वच्छ उजेड, रात्री काळोख असा स्पष्ट फरक त्याला मदत करतो. रात्रीच्या वेळी निळसर प्रकाश झोपेच्या संप्रेरकाला सर्वांत अधिक अडथळा आणतो, आणि हे प्रोजेक्टर बहुधा निळेच असतात. रात्री दूध पाजण्यासाठी पिवळसर-तांबूस, अगदी मंद दिवा खुर्चीच्या मागे, खालच्या बाजूला लावा. लेझर वापरणारा प्रोजेक्टर तर बाळाच्या खोलीत नकोच. आवाज करणारी यंत्रे त्याला जोडलेली असतील तर ती कॉटपासून दूर आणि सर्वांत कमी आवाजावर असावीत. रिमोटमधील आणि शोभेच्या दिव्यांमधील चपट्या बटन बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद होते का, हे पाहिल्याशिवाय कोणतीही वस्तू घरात आणू नका. ती बॅटरी गिळली गेल्यास अन्ननलिकेत दोन तासांच्या आत गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते.

नक्षत्रवेल

दोघींचेही मनापासून आभार. चौकटीच्या रंगाचा नमुना तपासणीसाठी देण्याचे आजच ठरवले आणि कॉटचा संच रद्द केला. तरी आईचा प्रश्न उरतोच. जर बाळ सहा महिने तिथे झोपणार नसेल आणि त्याला दूरचे दिसतही नसेल, तर ताऱ्यांची ही सजावट फक्त आमच्यासाठी ठरते का?

पहिलीनजर

तुमच्या आईचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, आणि उरलेला अर्धा भाग तुमच्या थीमला फार अनुकूल आहे. मी अगदी लहान मुलांच्या विकासाच्या क्षेत्रात काम करते.

जन्मलेल्या बाळाला सुमारे वीस ते तीस सेंटिमीटर अंतरावरचे त्यातल्या त्यात स्पष्ट दिसते. दूध पिताना आईचा चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. त्यापलीकडचे सारे धूसर असते. म्हणून छतावरचे बारीक, मंद चमकणारे तारे पहिल्या काही महिन्यांत त्याच्या दृष्टीने नसल्यासारखेच. परंतु दिसत नाही म्हणजे पाहत नाही, असे मुळीच नव्हे. रॉबर्ट फँट्झ या मानसशास्त्रज्ञाने १९६३ साली पाच दिवसांहूनही लहान बाळांना वेगवेगळ्या चकत्या दाखवल्या. काहींवर मानवी चेहरा, एकात एक वर्तुळे किंवा वर्तमानपत्राचा मजकूर होता, तर काही नुसत्याच लाल, पिवळ्या किंवा पांढऱ्या होत्या. बाळे साध्या रंगीत चकत्यांपेक्षा नक्षीदार चकत्यांकडे अधिक वेळ पाहत राहिली, आणि त्यातही चेहऱ्याकडे सर्वांत जास्त. त्या वयात ठळक कडा आणि उजेड-काळोखातील मोठा फरक डोळ्यांना धरून ठेवतो. फिकट गुलाबी, फिकट निळ्या अशा ज्या छटा बाळाच्या म्हणून विकल्या जातात, त्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखणे नवजात बाळाला जवळजवळ अशक्य असते. रंगांची चांगली जाण साधारण चौथ्या महिन्यापर्यंत येते.

आता पाहा, काळ्यावर पांढरे ही तर रात्रीच्या आकाशाचीच रंगसंगती आहे. ग्रहांच्या रंगीबेरंगी चिमणाळ्याऐवजी चंद्रकलांचे करा: काळ्या पुठ्ठ्याच्या गोलांवर पांढरी कोर, अर्धा चंद्र, पूर्ण चंद्र. इटालियन कलावंत ब्रूनो मुनारी यांनी १९३० च्या दशकात हवेच्या झुळकीने फिरणाऱ्या, टांगलेल्या हलक्या रचना केल्या होत्या; पुढे माँटेसरी पद्धतीच्या घरांमध्ये पहिल्या आठवड्यांसाठी जे काळे-पांढरे भौमितिक चिमणाळे टांगतात, त्याला त्यांचेच नाव मिळाले आहे. त्यात आवाज नसतो, मोटर नसते, आणि माझ्या पाहण्यात यंत्रावर गरगर फिरणाऱ्या खेळण्यापेक्षा बाळे या संथ हालचालीत जास्त वेळ रमतात.

टांगताना बाळाच्या जागी आडवे होऊन वर बघा. बाजारातील बहुतेक चिमणाळी उभ्या माणसाला छान दिसतील अशी बनवलेली असतात, आणि खालून बाळाला प्राण्यांची पोटे आणि पुठ्ठ्याच्या कडाच दिसतात. गोल आडवे, बाळाकडे तोंड करून असावेत. खेळण्याच्या चटईवर, तीसेक सेंटिमीटर उंचीवर, अगदी मधोमध न टांगता किंचित उजवीकडे टांगा, कारण बहुतेक नवजात बाळे पाठीवर असताना मान उजवीकडे वळवून असतात. ते बाळ जागे आणि तुम्ही जवळ असतानाच वापरायचे. कॉटवर काही टांगलेच तर हाताला लागणार नाही इतके उंच, आणि बाळ हातांवर जोर देऊन उठू लागले, साधारण पाच महिन्यांचे झाले, की पूर्णपणे काढून टाकायचे.

लंगोट बदलण्याच्या जागेशेजारी, बाळाच्या डोळ्यांच्या रेषेत, काळ्यावर पांढऱ्या ठळक ठिपक्यांचा कृत्तिकांचा एक छोटा फलक लावा. ते पुंजके बाळ दिवसातून अनेकदा जवळून पाहील.

रांगतेघर

आमची मुलगी आता अडीच वर्षांची आहे आणि तिची खोली आम्ही समुद्राच्या थीमवर केली होती. रंगभिंत यांच्या एका मुद्द्याशी मी आदरपूर्वक असहमत आहे: छत गडद असू द्यावे. खिडकी पूर्वेला किंवा दक्षिणेला असेल, भिंती फिकट असतील आणि रंग मॅट असेल, तर खोली कोंदट होत नाही. उलट छताला हात लागत नसल्यामुळे गडद रंगासाठी तीच सर्वांत टिकाऊ जागा ठरते. त्वचा नीट पाहण्यासाठी लागणारा उजेड खिडकीतून आणि भिंतींवरून येतो. मात्र एक काम आधी करा. छताएवढा मोठा गडद कागद काही दिवस वर लावून पाहा आणि मगच रंग द्या.

पहिल्या वर्षात खोली तीन वेगवेगळ्या उंचींवरून पाहिली जाते, ही गोष्ट आम्हाला फार उपयोगी पडली. आधी बाळ आडवे असते, तेव्हा छत आणि जवळच्या वस्तू. मग ते रांगते, तेव्हा जमिनीपासून हातभर उंचीचा पट्टा हेच त्याचे जग असते, आणि बहुतेक सजवलेल्या खोल्यांत तिथे विजेच्या तारांशिवाय काहीच नसते. आम्ही त्या पट्ट्यात भिंतीवरच मासे रंगवले होते. चिकटवायची चित्रे तिथे नकोत, कारण मुले नखाने कडा उचलून तुकडा तोंडात घालतात. रंगवलेले चित्र निघत नाही. त्यानंतर मूल उभे राहते आणि जे दिसेल ते धरून वर चढते. कपाट आणि पुस्तकांची मांडणी भिंतीला पट्ट्यांनी पक्की बांधा, मग ती कितीही जड वाटो. जाड पडदे हवेतच, पण लोंबती दोरी नसलेले घ्या, आणि कॉट खिडकीपासून दूर ठेवा. शोभेच्या झाडांपैकी मनीप्लांट आणि डिफेनबेकिया या खोलीत आणू नका. त्यांची पाने चावल्यास तोंडाची आग होते आणि सूज येते.

ही खोली तुमच्यासाठी आहे का, असे तुम्ही विचारलेत. हो, आहे, आणि त्यात काही वावगे नाही. रात्री तिथे जागणार तुम्ही आहात. म्हणून सर्व सजावटीच्या आधी पाठीला आधार देणारी, हात टेकता येतील अशी खुर्ची घ्या, आणि त्या खुर्चीतून जे दिसते तिथे तुमचे आवडते नक्षत्र रंगवा. आमच्या मुलीला सध्या मासे नको आहेत, तिला फक्त ट्रॅक्टर हवे आहेत; भिंती साध्या आणि चित्रे बदलता येण्यासारखी ठेवल्यामुळे तो बदल एका दुपारी झाला. तुमच्याही घरात असे होईल असे धरून चाला, आणि जे कायमचे आहे ते फक्त छतावर ठेवा.

नक्षत्रवेल

चंद्रकलांच्या कल्पनेने आई एकदम माझ्या बाजूची झाली. पुठ्ठ्याचे गोल तीच कापणार आहे. आमची खिडकी पूर्वेला आहे, त्यामुळे छत गडद आणि भिंती फिकट असे ठरत आहे, अर्थात कागद लावून पाहिल्यानंतरच. प्रोजेक्टर घेणार नाही. एक शेवटची शंका आहे. छतावर नक्षत्रे काढताना तारानकाशा जसाच्या तसा उतरवायचा, की उलटा करून?

रांगतेघर

जसाच्या तसाच उतरवा. तारानकाशा डोक्यावर धरून पाहण्यासाठीच काढलेला असतो, म्हणून जमिनीच्या नकाशाच्या तुलनेत त्यात पूर्व आणि पश्चिम अदलाबदल झालेल्या दिसतात. तो छतावर गेला की दिशा आपोआप जुळतात. फक्त नकाशातील उत्तर खोलीच्या खऱ्या उत्तरेकडे करा. सप्तर्षींतील पुलह ते क्रतु (चौकोनाच्या, शेपटीपासून दूरच्या बाजूचे दोन तारे) हे अंतर मोजून त्याच रेषेत क्रतूच्या पुढे सुमारे पाचपट जा, म्हणजे ध्रुवाची जागा मिळेल, आणि त्याच्या पलीकडे शर्मिष्ठा येईल. ध्रुव छताच्या मध्यावर घेऊ नका, तिथे दिवा किंवा पंखा असतो. तो उत्तरेच्या भिंतीकडे सरकवा. अंधारात चमकणारे तारे चिकटवायचे असतील तर रंग घट्ट होईपर्यंत थांबा, कॉटच्या बरोबर वरची जागा मोकळी सोडा, आणि शिडीवर पतींनाच चढवा.